शेवटची सोळा पानं

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या खोड्या पाठ आहेत, पण ही तिलाही ठाऊक नाही. वाचनालयातल्या कुणाला नाही, कमिटीला नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवी होती त्यांना तर नाहीच. बारा वर्षं झाली. तुमच्यापाशीच का बोलावंसं वाटतंय — तुम्ही अनोळखी आहात म्हणून? की वाचणारा माणूस मध्येच थांबवून प्रश्न विचारू शकत नाही म्हणून? यातलं दुसरं कारणच असावं. मी स्वतःला बऱ्यापैकी ओळखतो.

मी नेरच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हटला की लोकांना वाटतं, या माणसाने सगळी कपाटं वाचून काढली असणार. मीही त्यांना तसं वाटू दिलं. खरी गोष्ट अशी की मी पुस्तकं सुरू करण्यात पटाईत आहे. पहिली शंभर-दीडशे पानं अधाशासारखी वाचतो, मग कपाटातलं दुसरं एखादं डोळ्यात भरतं — यात काय असेल बरं? — आणि पहिलं टेबलाच्या खणात पडून राहतं. कुतूहल मला लहानपणापासून फार. पण ते सुरुवातीचं. शेवटापर्यंत माझं कुतूहल पोचतच नाही, वाटेतच दुसरीकडे वळतं.

ही काही सांगण्यासारखी खोड नाही, मला माहीत आहे. अर्धवट वाचणारे गावोगाव असतात. थांबा जरा.

रशीदभाई बाइंडर. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं छोटंसं दुकान — शाळांची रजिस्टरं, दुकानदारांची बिलबुकं, आणि आमच्या वाचनालयाची पुस्तकं ते बांधायचे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. बोटांना कायम खळ लागलेली. रोज दुपारी दोननंतर, वाचनालयात माशी उडत नाही अशा वेळी, ते पेपर वाचायला यायचे. पेपर वाचून झाला की आमची बैठक बसायची. सिनेमा त्यांचा, पुस्तक माझं, आणि बातम्या दोघांच्या — अशी वाटणी न ठरवता ठरून गेली होती.

रशीदभाई नवा सिनेमा लागला की एस.टी.ने यवतमाळला जाऊन पाहून यायचे आणि मला सांगायचे. सांगायचे म्हणजे काय — मध्यंतर झालं की स्वतः थांबायचे, चहा मागवायचे आणि चहा संपल्यावरच पुढचं सांगायचे! मी थिएटरात फारसा गेलो नाही, पण त्या टेबलापाशी बसून मी किती सिनेमे पाहिले याचा हिशेब नाही. नायकापेक्षा त्यांचं लक्ष भलतीकडेच असायचं. दारात उभा असलेला नोकर पुढे कुठे गेला? नायिकेच्या आईने तेवढ्या गडबडीत दूध उतू जाऊ दिलं की गॅस बंद केला? दिग्दर्शकाला ते ठाऊक असावं असा त्यांचा आग्रह असे. बातम्यांवर तर ते चिडायचेच. शेजारच्या तालुक्यात वाघ दिसल्याची बातमी आली, मग चार दिवस वाघाचं नाव नाही. "मंग वाघ गेला कुठं? ह्या पेपरवाल्यायचा शेवटचा फर्मा नेहमीच गायब राह्यते," असं ते म्हणायचे.

फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. रशीदभाईंची वाचायची रीतही त्यातूनच आली होती. शिवताना एका फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ जुळते का ते पाहायचं, इतकंच. असं तुकड्यातुकड्याने त्यांनी शेकडो पुस्तकं वाचली होती. शेवटचा फर्मा मात्र आधी पूर्ण वाचायचा आणि मगच शिवायचा, हा त्यांचा नेम. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाले, शेवट पाह्यल्याशिवाय पाठ बंद करायची म्हणजे माणसाचं बोलणं मधेच तोडल्यासारखं होते.

मधलं सगळं, आणि बांधायला न आलेलं पुस्तक तर अख्खं, मी त्यांना सांगावं अशी त्यांची अपेक्षा. एकच अट होती: पुस्तक अर्धं सांगायचं नाही. आता माझी पंचाईत लक्षात येते का तुमच्या? शंभर पानं सांगून झाली की रशीदभाई पुढे सरकून बसत आणि विचारत, "मंग?" त्या "मंग"पुढे मी काय म्हणणार होतो? की मी इथवरच वाचलं? ग्रंथपालाने? मला लाज वाटली. म्हणून मी शेवट रचू लागलो. दोन-तीन पुस्तकांचे रचले. पचले. मग सवयच झाली.

आता त्या कादंबरीपाशी येतो. नाव सांगत नाही. दोन बहिणींची गोष्ट. बापाच्या घराची वाटणी होते, मधोमध भिंत उभी राहते आणि दोघी भिंतीच्या दोन बाजूंना राहून वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. फोडणीचा वास येतो, खोकला ऐकू येतो, पण शब्द नाही. फार चांगली कादंबरी आहे. म्हणजे मी वाचली तिथपर्यंत होती.

त्या दिवशी रशीदभाईंचं "मंग?" आलं आणि मी बोलत गेलो. म्हटलं, धाकटी एके दुपारी उठते, उलथन्याने गिलावा खरवडते आणि भिंतीतली एक वीट काढते. एकच. त्या भोकातून ती भाजीची वाटी पलीकडे सरकवते. पलीकडून वाटी घेतली जाते. बस, संपलं. हे मला कुठून सुचलं, देव जाणे.  रशीदभाई पेपरची घडी करत बसले. उठताना म्हणाले, "एकच ईट काढली, भाऊ. पूर्ण भिंत नाई पाडली. लेखक मोठा माणूस हाय." आणि मी — मी मान डोलावली. लेखकाची स्तुती मी स्वतःच्या खिशात घातली. त्या दिवशी घरी जाताना मी मनातून किती खूश होतो, हे सांगायला आज जड जातंय.

पुढे ती वीट आमच्या बोलण्यात कायमची आली. एखाद्या सिनेमात शेवटी सगळे गळ्यात पडून रडू लागले की रशीदभाई म्हणायचे, याला ईट काढता नाई आली, यानं भिंतच पाडली.

मग उन्हाळा आला. दर उन्हाळ्यात आम्ही खिळखिळी झालेली पुस्तकं बांधायला देतो. त्या वर्षीचा गठ्ठा मी काढत होतो आणि हातात ती कादंबरी आली. पाठ सुटलेली, दोरे कुजलेले. बांधायला द्यायलाच हवी होती.  पण दिली की रशीदभाई शेवटचा फर्मा वाचतील. त्यात वीट नसेल — किंवा असेल? नसणारच. मग बाकीचे शेवटही मी रचलेले, हे त्यांना कळायला कितीसा वेळ?

मी शेवटचा फर्मा ओढला. ओढावा तरी कुठे लागला, हाताला लागताच निघून आला. सोळा पानं. ती मी पिशवीत टाकली आणि गठ्ठा दुकानात पोचवला.

दुसऱ्याच दिवशी ते पुस्तक घेऊन आले. "भाऊ, याचा आखरी फर्मा नाई. तुमच्याकडं कुठं पडला असन त पाहा. नाई त कागदावर लिहून घ्या." आमच्याकडे तशी पद्धत होती — पानं आधीपासून कमी असली तर चिठ्ठीवर नोंद करायची, त्यांची सही, माझी सही, म्हणजे बांधणाऱ्यावर बालंट येत नाही. मी म्हटलं, पाहिलं, कुठे नाही; लिहून घेतो, सह्या मग करू, तुम्ही बांधून टाका. त्यांनी बांधलं. मी लिहून घेतलं नाही. का नाही? लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं की पानं गेली कशी. इतकाच विचार होता तेव्हा. त्यांच्यावर काही येईल, हे माझ्या मनातही आलं नाही. पण मनात न येणं हाही माझाच कारभार होता.

दोनेक महिन्यांनी एका सभासदाने तक्रार केली. बांधणीआधी पुस्तक पूर्ण होतं, त्यांच्या घरी सगळ्यांनी वाचलेलं होतं. बांधून आलं आणि शेवट गायब. कमिटीच्या बैठकीत रशीदभाईंना बोलावलं. ते धुतलेला शर्ट घालून आले होते. सचिवांनी पुस्तक पुढे ठेवलं. कमिटीतल्या एकाने "या लोकांना आपल्या पुस्तकांची काय किंमत" असंही म्हणून घेतलं. रशीदभाईंनी तिकडे पाहिलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "फर्मा आधीच नव्हता. मी भाऊले सांगतलं होतं. इचारा त्यायले."

सगळे माझ्याकडे वळले. रशीदभाईही. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती हो. भाऊ आहेत म्हटल्यावर आता मिटलंच, अशा निवांत चेहऱ्याने ते माझ्याकडे पाहत होते.

मी म्हटलं, "मले आठवत नाही."

हेच ते. इतका वेळ इकडून तिकडून फिरत होतो ते हे सांगायला. चोर म्हटलं नाही मी त्यांना, निष्काळजी म्हटलं नाही. तीन शब्द बोललो आणि खाली बघत बसलो. खोटं बोलण्यासाठी याहून कमी शब्द लागतील असं मला वाटत नाही.

आमच्या पुस्तकांचं काम त्या दिवसापासून अमरावतीच्या एका मशीनवाल्याकडे गेलं. लहान गावात गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. दोन शाळांनी आपली रजिस्टरंही दुसरीकडे दिली. रशीद पानं हरवतो, असं लोक म्हणू लागले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एक पान इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, त्याच्याबद्दल.

आठ दिवस ते आले नाहीत. दुपारी दोन वाजले की मी पेपर नीट करून त्यांच्या खुर्चीपुढे ठेवायचो, आणि चारला उचलायचो. मग नवव्या दिवशी आले. मी उठून उभा राहिलो. त्या वेळी सांगायला हवं होतं — तोंडापर्यंत आलंही होतं. तेच म्हणाले, "होते भाऊ. माणसाले सारंच आठवत नाई. मीबी इसरतो." आणि बसून आदल्या दिवशी पाहिलेला सिनेमा सांगू लागले. त्यांनी माझ्यासाठी सबबही स्वतःच शोधून आणली होती. मी ती मुकाट्याने घेतली.

पानांचं काय झालं, तुम्ही विचाराल. मी ती वाचली. उभ्या आयुष्यात मी शेवटपर्यंत वाचलेल्या मोजक्या कादंबऱ्यांत ती एक, हा विनोद माझा मलाच कळतो. वीटबीट काही नाही तिच्यात. मोठी बहीण जाते. धाकटीला ते शेजारणीकडून कळतं. सुतक संपल्यावर ती त्या भिंतीत एक खिळा ठोकते आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर टांगते. संपलं. माझ्या विटेपेक्षा शंभर पटीने खरं. ती सोळा पानं माझ्या घरी लोखंडी कपाटात, पेपरच्या अस्तराखाली आहेत. फाडली नाहीत, जाळली नाहीत. पुस्तकात परत ठेवता आली नाहीत, कारण ठेवली असती तर ती कुणाजवळ होती ते कळलं असतं.

इथे संपलं असतं तर कदाचित मी तुमच्यापाशी आलोही नसतो. माणूस बारा वर्षं गप्प राहिला तर आणखी बारा राहू शकतो. पण मागच्या दिवाळीनंतर एक गोष्ट झाली.

रशीदभाईंची मुलगी नाझिया यवतमाळला कॉलेजात शिकते. तिने वडिलांसाठी ती कादंबरी मोबाइलवरून मागवली — नवी आवृत्ती, चकचकीत कव्हरची. दुकानात काम उरलं नव्हतं, वेळच वेळ होता. रशीदभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत सलग वाचलं. आणि दुपारी ते बगलेत धरून आले. बसलेही नाहीत.

"भाऊ, हे त कॅलेंडर टांगते! ईट कुठं गेली?"

 किती तयार आहे पाहा माझं डोकं. मी म्हटलं, ही नवी आवृत्ती आहे ना; जुन्या पहिल्या आवृत्तीत वीट होती, लेखकाने नंतर शेवट बदलला असणार. कुठलाही वाचक म्हणाला असता, दाखवा. रशीदभाई बाइंडर होते — आवृत्तीगणिक पानं बदलतात, मजकूर बदलतो, हे त्यांनी हातांनी पाहिलेलं. त्यांचे डोळेच चमकले. "बदलला? काहून बदलला असन बाप्पा?"

मग दोन महिने आम्ही यावरच बोललो. सिनेमे मागे पडले, बातम्या मागे पडल्या. लेखकाने वीट काढून कॅलेंडर का घातलं असेल? मधल्या काळात त्याच्या घरात काही घडलं असेल का? म्हातारपणी माणसाचा विटेवरचा विश्वास उडतो का? रशीदभाई एकेक शंका आणायचे आणि मी तिला उत्तर द्यायचो, कधी उलट शंका काढायचो. इतकं छान आम्ही कधीच बोललो नव्हतो. आणि मला मजा आली. हे लपवलं तर बाकी सगळं सांगून काय उपयोग? मला खरोखर मजा आली. कधी कधी तर मलाच वाटायचं की अशी एक आवृत्ती कुठेतरी असेल.

पण ते नुसतं बोलत नव्हते. एक दिवस त्यांनी सांगितलं की त्यांना ती जुनी आवृत्ती हवी आहे. वाचायला नव्हे. तिचा शेवटचा फर्मा काढून आमच्या वाचनालयातल्या प्रतीला लावायला. नव्या पुस्तकातली पानं कशी लावणार, त्यात शेवट वेगळा — मीच सांगितलं होतं ना! "माह्या हातून एकच किताब अधुरी गेली, भाऊ. तेवढी पुरी करून कमिटीपुढं ठेवतो. मंग लोकायले काय म्हणायचं ते म्हणू द्या."

तेव्हापासून ते शोधताहेत. यवतमाळची रद्दीची दुकानं झाली, अमरावतीची झाली. गुडघे दुखतात तरी बसने जातात. महागावच्या एका निवृत्त मास्तरांकडे जुनी पुस्तकं आहेत असं कळलं तर तिथवर जाऊन आले. वीटवाली आवृत्ती आहे का, असं त्यांनी किती अनोळखी माणसांना विचारलं असेल? लोक काय म्हणत असतील त्यांना? मी विचार करतो आणि मग मोबाइलवर बातम्या पाहू लागतो.

नागपूरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला त्यांनी सांगून ठेवलं होतं आणि नंबर माझा दिला होता. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, हे एक कारण. आणि आवृत्तीची ओळख भाऊलाच पटेल, हे दुसरं.

मागच्या मंगळवारी त्या दुकानदाराचा फोन आला. पहिली आवृत्ती मिळाली आहे, पूर्ण, शेवटच्या पानापर्यंत, ठेवू का? मी वाचनालयात एकटाच होतो. रशीदभाई यायला अजून तासभर होता. त्या प्रतीत कॅलेंडर असणार हे मला ठाऊक होतं. ते पाहिल्यावर रशीदभाई पहिला प्रश्न कोणता विचारतील, आणि त्याच्यानंतरचा कोणता, हेही ठाऊक होतं.

मी दुकानदाराला म्हटलं, आता गरज नाही, आम्हाला इकडेच मिळाली. तो म्हणाला, बरं, मग दुसरं गिऱ्हाईक आहे, त्याला देतो. मी म्हटलं, द्या.

दोन वाजता रशीदभाई आले. चप्पल काढतानाच त्यांनी विचारलं, "नागपूरचा फोन आलता का जी?" मी नाही म्हटलं. कालही विचारलं, कालही नाही म्हटलं. मग त्यांनी पेपर उघडला आणि पहिल्या पानावरची बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली, आणि मी तिच्यावर माझं मत दिलं.